‘स्व’, ‘स्वत्व’ आणि स्वामित्व : लॉकच्या एका प्रकरणाचे पुनर्वाचन

१

राजकीय तत्त्वज्ञानातील काही संकल्पना अशा आहेत, की त्या परभाषेत नेऊ लागल्यावरच त्यांची खरी परीक्षा होते. दीर्घ वापराने गुळगुळीत झालेला शब्द मूळ भाषेच्या वाचकाच्या डोळ्यांखालून सहज निघून जातो. भाषांतरकाराला मात्र त्याच्यापाशी थांबावे लागते. कारण त्या जागी एक शब्द घेऊन बाकीचे सोडून देण्याचे उत्तरदायित्व त्याच्यावर असते. अशा वेळी जी अडचण निव्वळ भाषिक वाटते, ती पुष्कळदा मूळ विचारातीलच अडचण असते. इंग्रजी ‘प्रॉपर्टी’ हा असा एक शब्द आहे आणि जॉन लॉकच्या ‘शासनविषयक दोन निबंध’ या ग्रंथातील दुसऱ्या निबंधाचे पाचवे प्रकरण हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध स्थान होय.

या प्रकरणावर तत्त्वज्ञांनी व इतिहासकारांनी विपुल लिहिले आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे, की या प्रकरणातील निर्णायक पाऊल तर्काने टाकलेले नाही, ते एका रूपकाने टाकलेले आहे. आणि रूपकाने काय साधले व काय झाकले, हे पाहणे हे समीक्षेचेच काम आहे. शिवाय नैसर्गिक अधिकारांची भाषा आज आपल्या सर्वच भारतीय भाषांतून बोलली जाते. ती बोलताना आपण कोणता शब्द उचलतो, यावर आपण काय मान्य करून बसतो हे अवलंबून असते.

२

प्रथम प्रसंग ध्यानात घेतला पाहिजे. लॉकचा (१६३२-१७०४) हा ग्रंथ १६८९ च्या अखेरीस, मुखपृष्ठावर १६९० हे साल घालून, लेखकाच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाला. त्याचा प्रतिपक्षी होता सर रॉबर्ट फिल्मर. फिल्मरचा ‘पेट्रिआर्का’ त्याच्या मृत्यूनंतर १६८० मध्ये छापला गेला. त्याचे म्हणणे असे, की ईश्वराने पृथ्वी आदमला दिली, आदमकडून ती पित्याच्या अधिकाराबरोबर राजांकडे आली. सबब राजा हा प्रजेचा पिता आणि तिच्या चीजवस्तूंचा मूळ धनी होय. याला उत्तर म्हणून पृथ्वी सर्व मानवांना समाईक दिली आहे, असे म्हणावे, तर फिल्मरने त्यावरही पेच टाकून ठेवला होता. समाईक वस्तूतून एकाने आपला वाटा वेगळा काढायचा, तर सर्वांची संमती हवी, आणि तशी संमती कधी कोणी घेतल्याचे दिसत नाही. मग खाजगी मालमत्ता आली कोठून?

लॉकला म्हणून एकाच वेळी दोन गोष्टी सिद्ध करायच्या होत्या. पृथ्वी मुळात सर्वांची आहे ही एक, आणि सर्वांना न विचारताही तिच्यातील काही भाग न्यायाने एकाचा होऊ शकतो ही दुसरी. या दोहोंना जोडणारा दुवा त्याने माणसाच्या स्वतःमध्येच शोधला. पृथ्वी समाईक असली, तरी प्रत्येक माणसाला स्वतःच्या ‘पर्सन’च्या ठायी ‘प्रॉपर्टी’ आहे. तिथे दुसऱ्या कोणाचाही अधिकार चालत नाही. त्याच्या देहाचे श्रम आणि त्याच्या हातांचे काम हे म्हणून त्याचेच. निसर्गाने ज्या स्थितीत वस्तू ठेवली होती, त्या स्थितीतून तिला बाहेर काढताना तो तिच्यात आपले श्रम मिसळतो. जे स्वतःचे ते तिला जोडतो. आणि ती वस्तू त्याची होते.

ही कल्पना सर्वस्वी लॉकची नव्हे. इंग्लंडातील यादवी युद्धाच्या काळात, १६४६ मध्ये, रिचर्ड ओव्हरटन या समतावाद्याने तुरुंगातून लिहिलेल्या पत्रकात प्रत्येक व्यक्तीला निसर्गानेच स्वतःवर स्वत्व दिले आहे, असे प्रतिपादन केले होते. परंतु ओव्हरटनने ही कल्पना जुलूम अडवण्यासाठी वापरली. तिच्यातून जमिनीपर्यंत जाणारी वाट लॉकने काढली.

३

आता शब्दांकडे वळू. ‘पर्सन’ला मराठीत काय म्हणावे? ‘शरीर’ म्हटले, तर पुढच्या वाक्यातील देहाचे श्रम आणि हातांचे काम यांच्याशी मेळ बसतो. पण मग लॉकने दोन वेगळे शब्द का योजले, हे कळेनासे होते. मानवी बुद्धीवरील निबंधाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने ‘पर्सन’ ही संज्ञा न्यायव्यवहाराची म्हणून सांगितली आहे. आपल्या कृत्यांची जाणीव असलेला आणि त्यांबद्दल जबाबदार धरला जाणारा कर्ता तो ‘पर्सन’. देहाचे अणुरेणू बदलले, तरी तो टिकतो. या अर्थाने माझे माझ्या ‘पर्सन’च्या ठायी स्वत्व आहे म्हणजे माझी कृत्ये माझी आहेत, मी त्यांचा जाब देणारा आहे. हे विधान नैतिक आहे. माझे शरीर ही माझी चीजवस्तू आहे, हे विधान त्याहून निराळे आहे. लॉक एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात जाताना पहिल्यातून दुसऱ्यात उतरतो, आणि ती पायरी इंग्रजी वाचकाच्या पायाला लागत नाही.

‘प्रॉपर्टी’ या शब्दाचेही तसेच. त्याच्या मुळाशी ‘स्वतःचे’ या अर्थाचे लॅटिन विशेषण आहे. सतराव्या शतकात हा शब्द वस्तूचे नाव म्हणून जेवढा चाले, तेवढाच अधिकाराचे नाव म्हणूनही चाले. लॉक स्वतः नवव्या प्रकरणात जीवित, स्वातंत्र्य आणि मिळकत या तिघांना मिळून तो एकच शब्द वापरतो. मराठी भाषांतरकाराने येथे ‘मालमत्ता’ लिहिले, तर जीवित ही मालमत्ता ठरते. ‘अधिकार’ लिहिले, तर जमीनजुमल्याचा वास नाहीसा होतो. ‘स्वत्व’ लिहिले, तर आजच्या वाचकाला अस्मिता आठवते. तिन्ही अर्थ एका शब्दात राहू देण्याची सोय मराठीत नाही. परंतु ही मराठीची उणीव मानण्याचे कारण नाही. जे वेगळे आहे, ते मराठी वेगळे दाखवते इतकेच.

याच निबंधात लॉकने दुसरेही एक सूत्र घातले आहे, आणि ते पहिल्याशी सहज जुळत नाही. सर्व माणसे एका सर्वज्ञ कर्त्याची कृती आहेत, म्हणून ती त्याची आहेत; स्वतःचा नाश करण्याचा किंवा स्वतःला दास्यात विकण्याचा अधिकार माणसाला नाही; कारण आपल्यापाशी जी सत्ता नाही, ती दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे मालक ईश्वर. माणूस फार तर विश्वस्त. जेम्स टली या अभ्यासकाने १९८० मध्ये या ‘निर्मात्याच्या अधिकारा’वर भर देऊन लॉकचा सगळा अर्थच नव्याने लावला, तर त्यापूर्वी, १९६२ मध्ये, सी. बी. मॅक्फर्सन यांनी लॉकमध्ये बाजारपेठेचा माणूस पाहिला होता, स्वतःकडे विक्रेय वस्तूप्रमाणे पाहणारा आणि समाजाचे काही देणे न लागणारा. दोघांनाही आधार लॉकच्याच ओळींत सापडतो. एकाच शब्दाने दोन धन्यांची चाकरी केल्यावर असे व्हावे, हे स्वाभाविकच आहे.

४

निर्णायक रूपक आहे ते मिसळण्याचे. लॉकची उदाहरणे मोठी चित्रमय आहेत. ओकखालची फळे वेचून खाणारा माणूस घ्या. ती त्याची झाली केव्हा? पचली तेव्हा, खाल्ली तेव्हा, शिजवली तेव्हा, घरी आणली तेव्हा, की उचलली तेव्हा? पहिल्या उचलण्याने ती त्याची झाली नसतील, तर पुढच्या कशानेही होणार नाहीत, असे लॉक म्हणतो. झऱ्याचे वाहते पाणी सर्वांचे; पण घागरीतले पाणी ज्याने भरले त्याचे. ही उदाहरणे वाचताना वाचक मान डोलावतो. परंतु ती सर्व उपभोगून संपणाऱ्या वस्तूंची आहेत. फळ खाल्ले की संपते. शेत नांगरल्याने संपत नाही. फळावरून शेताकडे जाताना लॉकने नवा तर्क दिलेला नाही. तेच रूपक पुढे ओढले आहे.

आणि रूपक म्हणून ते कितपत पेलते? १९७४ मध्ये रॉबर्ट नोझिक यांनी, लॉकचेच वारसदार असूनही, हा प्रश्न विचारला. माझ्या मालकीच्या डब्यातील टोमॅटोचा रस मी समुद्रात ओतला आणि तो सर्वत्र मिसळला, तर समुद्र माझा होतो, की माझा रस वाया जातो? मिसळल्याने मिळते की गमावते, हे मिसळण्याच्या कल्पनेतून निघत नाही. शिवाय श्रम ही वस्तूच नव्हे, ती क्रिया आहे. आणि क्रिया पदार्थात मिसळत नाही. आपण जेव्हा ‘मातीत घाम गाळला’ असे म्हणतो, तेव्हा घाम खरोखर मातीत मिसळतो. श्रम मिसळतात ते भाषेत.

त्याच परिच्छेदात आणखी एक वाक्य आहे. माझ्या घोड्याने खाल्लेले गवत, माझ्या नोकराने कापलेली माती आणि मी खणलेले खनिज, ही सर्व माझी मालमत्ता होते, असे लॉक लिहून जातो. घोडा, नोकर आणि मी हे तिघे एका ओळीत आले. नोकराच्या देहाचे श्रम नोकराचे, हे सूत्र आताच सांगितलेले. ते येथे कोठे गेले? अर्थात उत्तर असे, की नोकराने ते मजुरीवर विकले आहेत. परंतु ज्याला श्रम विकता येतात, त्याच्या बाबतीत ‘ज्याचे श्रम त्याची वस्तू’ हा न्याय उरत नाही. ‘ज्याने श्रम विकत घेतले त्याची वस्तू’ हा उरतो. स्वतःवरील मालकी हे अशा रीतीने स्वतःपासून तुटण्याचेही दार होते.

लॉकने आपल्या न्यायाला दोन मर्यादा घातल्या होत्या, हे मात्र विसरता कामा नये. इतरांसाठी पुरेसे व तितकेच चांगले शिल्लक राहावे, आणि घेतलेले नासून जाऊ नये. या मर्यादा राहिल्या असत्या, तर हे प्रकरण गरिबाच्या बाजूचे ठरले असते. परंतु पैसा आला. सोने नासत नाही. ते साठवल्याने कोणाचे धान्य कुजत नाही. आणि सोन्याला किंमत देण्यास माणसांनी मूक संमती दिली आहे, म्हणून विषम वाटपासही दिली आहे, असे तो म्हणतो. ज्या संमतीची अट टाळण्यासाठी हा सारा प्रपंच मांडला, ती संमती शेवटी मागच्या दाराने आत आली. तीही श्रीमंताच्या हिताला.

यातील अमेरिकेचे स्थानही तपासून पाहण्यासारखे आहे. मूल्याचा नव्वद, किंबहुना नव्याण्णव टक्के भाग श्रमांतून येतो, आणि अमेरिकेतल्या विस्तीर्ण प्रदेशाचा राजा इंग्लंडातल्या रोजंदारी मजुरापेक्षा हलक्या स्थितीत राहतो, असे लॉक सांगतो. मारलेले हरीण त्या ‘इंडियन’चे, पण ज्या अरण्यात ते चरले ते कोणाचेच नाही, कारण तेथे कुंपण नाही, नांगर नाही. लॉक १६६८ ते १६७५ या काळात कॅरोलिना वसाहतीच्या धन्यांचा चिटणीस होता. १६६९ च्या तेथील मूलभूत घटनेच्या मसुद्याशी त्याचा संबंध होता, आणि तीत प्रत्येक स्वतंत्र नागरिकाला आपल्या निग्रो गुलामावर निरपवाद सत्ता दिलेली होती. गुलामांच्या व्यापारात असलेल्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याने पैसे गुंतवले होते. यावरून ग्रंथ खोटा ठरत नाही. परंतु प्रत्येक माणूस स्वतःचा, या वाक्यातील ‘प्रत्येक’ किती रुंद होता, ते यावरून कळते.

५

या प्रश्नांशी भारतीय विचार अपरिचित नव्हता. अमरकोशात ‘स्व’ या शब्दाचे चार अर्थ दिले आहेत : ज्ञाती, आत्मा, आत्मीय आणि धन. आप्त, आपण, आपले आणि आपली संपत्ती हे चारही एका अक्षरात आले. लॉकच्या शब्दातील गुंता येथे अधिकच दाट आहे, आणि म्हणूनच तो सोडवण्याचा प्रयत्न आपल्याकडे शास्त्रकारांना करावा लागला.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात तो दिसतो. विश्वजित यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व द्यावे, असा विधी आहे. मग आई-बाप हेही ‘स्व’ आहेत, ते द्यावेत काय? उत्तर असे, की दान म्हणजे आपले स्वामित्व सोडून दुसऱ्याचे निर्माण करणे. ज्यावर आपले स्वामित्व चालते तेच देता येते. आई-बाप ‘माझे’ आहेत, पण मी त्यांचा स्वामी नाही. पृथ्वी द्यावी काय? नाही, ती सर्वांना सारखीच आहे. शबरस्वामींच्या भाष्यानुसार शेतांचे स्वामी असतात, पृथ्वीमंडळाचा कोणी नसतो; राजालाही रक्षणाबद्दल उत्पन्नातील भाग तेवढा मिळतो. धर्म म्हणून सेवा करणारा शूद्रही देता येत नाही. ‘माझे’ या शब्दाच्या पोटात किमान दोन नाती आहेत, एक संबंधाचे आणि एक स्वामित्वाचे, हा विवेक येथे स्पष्ट आहे. तो लॉकच्या वाक्यात नाही.

पुढे विज्ञानेश्वराने मिताक्षरेत स्वत्व हे शास्त्राने कळते की लोकव्यवहाराने, असा प्रश्न घेऊन ते लौकिक आहे, असा निर्णय दिला. कारण शास्त्र ज्यांना ठाऊक नाही, अशा सीमेपलीकडच्या लोकांतही खरेदी-विक्री चालते. मालमत्ता ही निसर्गाची नव्हे, लोकांच्या व्यवहाराची निर्मिती आहे, हा विचार ह्यूमने १७४० च्या सुमारास निराळ्या मार्गाने मांडला.

तथापि पूर्वजांचे गुण गाऊन थांबणे हा टीकाकाराचा धर्म नव्हे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात लॉकशी चकित करणारे साम्य असलेला एक श्लोक आहे. झाडोरा तोडून जमीन साफ करणाऱ्याचे शेत आणि प्रथम बाण मारणाऱ्याचे हरीण, असा त्याचा आशय. लॉकचेही शेत आणि हरीण! परंतु तो श्लोक आला आहे कशाच्या चर्चेत? मूल कोणाचे, बीज टाकणाऱ्याचे की क्षेत्राच्या स्वाम्याचे, या चर्चेत. आणि क्षेत्र म्हणजे स्त्री. त्याच श्लोकात पृथ्वी ही पृथूची भार्या आहे. निष्कर्ष असा, की करार नसेल तर दुसऱ्याच्या क्षेत्रात पेरणाऱ्याला फळ नाही. पहिले श्रम स्वामित्व देतात. एकदा ते मिळाले, की पुढच्या कोणाचेही श्रम ते हलवू शकत नाहीत. आणि ज्या स्त्रीच्या देहाचे श्रम सर्वांत अधिक, तिला या वादात पक्षकाराचेही स्थान नाही. मराठीत नवऱ्याला ‘मालक’ आणि ‘धनी’ म्हणण्याचा प्रघात होता व पुष्कळ घरांत अजूनही आहे. ‘पती’ आणि ‘स्वामी’ हे शब्दही त्याच कुळातले. कॅरोल पेटमन यांनी १९८८ मध्ये सामाजिक कराराच्या मुळाशी स्त्रीविषयक करार दडला आहे, असे दाखवले. ते समजायला मराठी वाचकाला स्वयंपाकघरापलीकडे जाण्याची आवश्यकता नाही.

६

श्रमांतून स्वामित्व ही कल्पना मराठीत लोकप्रिय झाली, ती ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेने. १९४८ च्या मुंबई कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’ने तिला पुष्कळ अंशी कायद्याचे बळ दिले, लक्षावधी कुळांचे आयुष्य त्याने बदलले, हे कृतज्ञतेने नोंदले पाहिजे. परंतु त्या कायद्याने ‘जातीने कसणे’ याची व्याख्या काय केली? स्वतःच्या श्रमाने, कुटुंबीयांच्या श्रमाने, अथवा स्वतःच्या देखरेखीखाली रोजंदारीच्या मजुरांकरवी. बांधावर उभे राहून पाहणे हेही कसणेच ठरले. १६८९ मध्ये लॉकच्या नोकराने कापलेली माती मालकाची झाली. १९४८ मध्ये शेतमजुराने नांगरलेली जमीनही त्याच न्यायाने मालकाची राहिली. घोषणेतील ‘कसणे’ हे क्रियापद कायद्यात येता येता आपला कर्ता बदलून आले, आणि भूमिहीन मजूर, ज्याचे हात खरोखर मातीत होते, तो व्याकरणाबाहेर पडला.

याहूनही खोल असा एक आक्षेप आहे, आणि तो भारतीय अनुभवातूनच येऊ शकतो. लॉकने एक गोष्ट सिद्ध केली नाही, गृहीत धरली : माणसाचा हात लागला, की वस्तूत भर पडते. जातिव्यवस्थेत हात कोणाचा, यावर हे अवलंबून होते. काहींचा हात लागल्याने वस्तूची किंमत जात असे. मिसळण्याला येथे दुसरे नाव होते, विटाळ. झऱ्याचे पाणी सर्वांचे आणि भरील त्याची घागर, हे लॉकला शंकेच्या पलीकडचे वाटले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा त्या पाण्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. नगरपालिकेने १९२४ मध्येच ठराव करून तळे सर्वांना खुले केले होते, हे विशेष. नंतर जो दावा लावला गेला, त्यात तळे स्पृश्यांच्या खाजगी मालकीच्या स्वरूपाचे असल्याचा मुद्दा पुढे केला गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निर्णय दिला, तोही बहिष्काराची रूढी अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही, या आधारावर.

महार वतनाचे उदाहरणही असेच बोलके आहे. वतन ही मालमत्ता. लॉकच्या शिकवणीप्रमाणे मालमत्ता म्हणजे स्वातंत्र्याभोवतीचे कुंपण. पण हे वतन ज्याच्या नावावर, तोच गावाच्या आणि सरकारच्या कामाला बांधलेला. जमिनीच्या तुकड्याने त्याचे श्रम त्याचे राहू दिले नाहीत. म्हणूनच आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, आणि शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव-वतने रद्द झाली. मुक्तीसाठी मालमत्ता टाकून द्यावी लागते, असा प्रसंग लॉकच्या चौकटीत बसत नाही.

७

मग स्वतःवरील मालकीची कल्पनाच टाकून द्यावी काय? तसे म्हणणे उतावळेपणाचे होईल. फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये मेरीलँडमधून निसटला. पण कायद्याने तो दुसऱ्याचाच राहिला, आणि १८४६ मध्ये ब्रिटिश मित्रांनी पैसे मोजून त्याची मोकळीक विकत घेतली. ज्याला बाजारात किंमत लावली गेली आहे, त्याने ‘मी माझा आहे’ असे म्हणण्याला जे बळ आहे, ते कोणत्याही तात्त्विक चिकित्सेने कमी होत नाही. परंतु त्या उद्गाराचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. त्यात नकार आहे. माझा मालक तू नाहीस, कोणीच नाही, असे तो म्हणतो. ‘माझा मालक कोणी नाही’ यावरून ‘मीच माझा मालक आहे’ हे निघत नाही. ज्याप्रमाणे पृथ्वीमंडळाचा स्वामी कोणी नाही, यावरून पृथ्वी स्वतःची स्वामी ठरत नाही. माणूस हा मालकीचा विषयच नव्हे, इतकेच त्यातून निघते, आणि तेवढे पुरेसे आहे.

कांटने १७९७ मध्ये हा भेद स्वच्छ मांडला. माणूस स्वतःच्या अधीन असतो, पण स्वतःचा मालक नसतो. कारण आपल्या ठायीच्या मानवतेला तो उत्तरदायी असतो. भेद न केल्यास काय होते, ते नोझिककडे पाहावे. स्वतःवरील मालकी पूर्ण मानली, म्हणून श्रमाच्या उत्पन्नावरील कर त्यांना सक्तीच्या मजुरीच्या जोडीला बसवावा लागला, आणि स्वतःला गुलाम म्हणून विकण्याची मुभाही द्यावी लागली. ज्या विधानाने गुलामगिरीला नकार द्यायचा, तेच तिला परवाना देऊन बसले! जी. ए. कोहेन यांनी १९९५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली : स्वतःवरील मालकी मान्य केली, तरी जग आधी कोणाचेच नव्हते, हे त्यातून सिद्ध होत नाही, ते समाईक होते, असे धरले, तर सारा निष्कर्षच बदलतो.

नैसर्गिक अधिकारांना मालकीखेरीज दुसरा पाया नाही, असेही नव्हे. महात्मा फुले यांच्यावर टॉमस पेनच्या ग्रंथाचा परिणाम झाला होता, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात निर्मिकाने सर्व स्त्री-पुरुषांना सारखेच निर्माण केले आहे, म्हणून त्यांचे मानवी हक्क सारखे आहेत, असा विचार आहे. लॉकच्या दोन सूत्रांपैकी निर्मात्याचे सूत्र फुल्यांना पुरले. मालकीच्या सूत्राची गरज पडली नाही. शिवाय त्यांच्या ‘सर्व’ या शब्दात स्त्री आहे आणि शूद्रातिशूद्रही आहेत.

आपल्या संविधानाचा प्रवासही याच दिशेचा दिसतो. आरंभी मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो तेथून काढला आणि अनुच्छेद ३००-अ मध्ये संविधानिक हक्क म्हणून ठेवला. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य (अनुच्छेद २१) आणि वेठबिगारीस मनाई (अनुच्छेद २३) मात्र मूलभूतच राहिले. लॉकने जे तीन अर्थ एका शब्दात बांधले होते, त्यांतील मिळकत वेगळी काढून ठेवली गेली. यात धोका नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. मिळकतीचा हक्क सैल झाला, तर धरणाखाली वा खाणीखाली जाणाऱ्या जमिनीचा गरीब धनीही उघडा पडतो, आणि त्याच्या हातात कधीकधी तो एकच हक्क असतो. परंतु त्याच्या बाजूने बोलायचे, तर त्याने मातीत श्रम मिसळले, एवढेच म्हणून भागणार नाही; त्याशिवाय तो जगू शकत नाही, हे म्हणावे लागेल. हा युक्तिवाद गरजेचा आहे आणि तो अधिक प्रामाणिक आहे.

तेव्हा लॉकच्या त्या वाक्याचे भाषांतर कसे करावे? प्रस्तुत लेखकाच्या मते, ‘प्रत्येक माणूस आपल्या शरीराचा मालक आहे’ हे भाषांतर सुबोध असले, तरी स्वीकारू नये. ते मूळ वाक्यातील संदिग्धता एका बाजूने मिटवून टाकते आणि ती नोझिकच्या बाजूने मिटवते. ‘प्रत्येकाचे स्वतःच्या ठायी स्वत्व आहे’ हे अवघड आहे, पण वाचकाला थांबवते. जेथे हा विचार आपल्याला स्वतःच्या तोंडाने मांडायचा असेल, तेथे तर भाषेने आधीच मार्ग करून ठेवला आहे. स्वतंत्र, स्वाधीन, स्वायत्त हे आपले मुक्ततेचे शब्द ‘स्व’नेच सुरू होतात, पण त्यांतील एकाही शब्दात ‘स्व’चा अर्थ धन असा नाही. अमरकोशातील चार अर्थांपैकी चौथा अर्थ स्वातंत्र्याच्या शब्दांपासून दूर ठेवण्याचे शहाणपण भाषेपाशी होते. भाषांतरकाराने ते तिच्याकडून शिकावे आणि तत्त्वचिंतकानेही त्याची दखल घ्यावी.